मेंढ्या रात्री कुठे झोपतात?

लोकर कातरल्यानंतर तुमच्याकडच्या मेंढ्या रात्री छताखाली असतात का, असा प्रश्न चीनमधल्या एका कारखान्याने आम्हाला विचारला होता. आम्ही ‘होय’ असे कळवले. ते खरे नव्हते. त्या उत्तरामुळे कन्नड तालुक्यातल्या एका कुटुंबाचा निम्म्याहून अधिक कळप गेला. सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एवढीच. बाकी मजकूर ती कशी घडली याचा आहे.

मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो. तालुक्यांचे पान लावणे हे माझे काम. ते पान आधी अर्धे झाले, मग बंद झाले, आणि पान लावणारेही लागेनासे झाले. त्या पानावर शेवटी शेवटी मी एक बातमी लावली होती. फुलंब्रीकडचा एक मेंढपाळाचा मुलगा शहरात ऑनलाइन दुकान चालवतो आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू घरपोच पाठवतो, अशी. त्याचे नाव संतोष. माझी नोकरी गेल्याचे कळल्यावर त्याचा फोन आला.

“सर, तुम्हाला इंग्रजी येतं आन् दुसऱ्याच्या चुका सापडतात. मला दोन्ही लागतंय. या इकडं.”

शहरातल्या गारखेड्यात त्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत माल, एकीत आम्ही. करडांना दूध पाजायच्या बाटल्या, खुरे कापायच्या कात्र्या, दूध काढायची लहान यंत्रे, कानात मारायचे बिल्ले असा माल. यातले बरेच बाहेरून यायचे. ते शोधायचे, मागवायचे आणि त्याचे पैसे पाठवायचे हे काम माझ्याकडे आले.

हे काम बाहेरून सोपे दिसते. संगणकावर फोटो पाहायचा, भाव विचारायचा, ऑर्डर द्यायची. पण फोटोतल्या वस्तूला वजन नसते, वास नसतो, ती किती दिवस टिकेल हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणून आधी नमुना मागवतात. नमुना पसंत पडला की काही रक्कम आगाऊ जाते, कारखाना माल बनवतो, उरलेली रक्कम पोचली की माल जहाजावर चढतो. बंदरात उतरल्यावर जकात भरून तो सोडवायचा. यातल्या प्रत्येक पायरीवर समोरचा माणूस आपले शब्द जसेच्या तसे घेतो. त्याने आपल्याला पाहिलेले नसते. त्याच्यासाठी आपण म्हणजे आपण लिहिलेली वाक्ये.

कानातल्या बिल्ल्यांच्या पहिल्या ऑर्डरवेळी हे समजले. आकडा कुठे छापायचा हे दाखवण्यासाठी मी एक चित्र पाठवले होते. चित्रात नमुन्यादाखल ‘००१’ होते. खोके आले, उघडले, तर सगळ्या बिल्ल्यांवर ००१. कारखान्याला दोष देता येईना. चित्रात तेच होते.

संतोष त्या ढिगाकडे बघत बसला. मग म्हणाला, “सर, आपल्याकडं सगळ्याच शेळ्या पहिल्या नंबरात पास झाल्या.”

ते बिल्ले फुलंब्रीच्या एका शेळीवाल्याने उचलले, तेही मागचा-पुढचा विचार न करता. एकच आकडा आहे, हे त्याला मी दोनदा सांगितले.

“आसू द्या की,” तो म्हणाला. “माझ्या शेळ्या मला तोंडावरून वळखू येत्यात. नंबर चोरांसाठी हाय. कानात पिवळं दिसलं की त्याला वाटतं सरकारी हाय, पंचाईत नको.”

असे प्रसंग हसण्यावारी जात. दुसरी एक गोष्ट मात्र हसण्यावारी जाऊ नये इतकी अंगवळणी पडली होती. बाहेरच्या कारखान्यांना लिहिताना प्रत्येक जण स्वतःला मोठा करून सांगतो. लहान गिऱ्हाइकाला उत्तर उशिरा येते, भाव चढा येतो, उरलासुरला माल येतो, असा या धंद्यातला समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही. त्यामुळे आम्ही दोघे होतो तरी पत्रात ‘आमचा खरेदी विभाग’ असे. मालाची खोली ‘मुख्य गोदाम’ होई. तपासल्याशिवाय एक ओळही छापायची नाही, अशा कामात मी उमेदीची वर्षे काढली होती. ही वाक्ये मीच लिहीत होतो आणि ती लिहायला मला त्रास होत नव्हता.

संतोषला बहीण होती. आक्का. आई-वडील लवकर गेल्यावर तिने त्याला वाढवले. ती आणि तिचा नवरा, ज्याला संतोष दाजी म्हणे, अजून मेंढरे घेऊन फिरत. देवगाव रंगारीच्या बाजूला घर, पण वर्षातले थोडेच दिवस घरी. शेतकरी खतासाठी कळप आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर मेंढरे बसली की लेंड्या-मुताने जमीन तयार होते, त्याबदल्यात धान्य किंवा रोख मिळते. आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या. भोवती जाळी लावायची, मध्ये मेंढरे, कडेला आक्का-दाजींचे बिऱ्हाड. छप्पर कुठेच नसते. छप्पर असेल तर खत शेतात पडणार नाही. धंदाच उघड्यावरचा आहे.

संतोषचे दुकान उभे राहिले तेव्हा आक्काने कळपातली काही मेंढरे विकली होती. ती ते कधी बोलून दाखवत नसे. तोही नाही. पण दाजीची मनगटे गेली होती. वर्षातून दोनदा अख्खा कळप हाताच्या कातरीने कातरायचा. पूर्वी भावकीतली माणसे कातरणीला येत, ती आता वाळूजच्या कंपन्यांत. दाजी एकटाच गुडघ्यात मेंढरू धरून बसे आणि संध्याकाळी त्याला भाकरी मोडता येत नसे.

“दाजीच्या हातातली कातर काढायची हाय मला,” संतोष म्हणायचा. “बाकी धंदा गेला उडत.”

रानात वीज नसते, म्हणून जीपच्या बॅटरीवर चालणारे कातरणीचे यंत्र हवे होते. ते शोधण्यात बरेच महिने गेले. शेवटी एका लहान कारखान्यात ते सापडले. तिथे विक्री बघणाऱ्या बाई होत्या, मिस शू. त्या तुटक पण स्वच्छ इंग्रजीत लिहीत. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत, जे या धंद्यात दुर्मीळ आहे. संतोष त्यांना शूताई म्हणू लागला. “शूताईचं उत्तर आलं का?” हा रोजचा प्रश्न झाला.

नमुना उन्हाळ्यात आला. एका मेंढीवर चालवून पाहिला. हाताने जेवढ्या वेळात नुसती पाठ कातरून होते तेवढ्यात अख्खी मेंढी झाली. कडक ऊन होते, मेंढी मोकळी होऊन चरायला गेली. दाजीने यंत्र हातात घेतले, उलटेपालटे केले आणि परत दिले. “हलकं हाय,” एवढेच म्हणाला. संतोष शहरात परत येईपर्यंत ते वाक्य आठवून हसत होता.

ऑर्डर पक्की करायच्या वेळी मिस शूंचा संदेश आला. या यंत्राला दोन तऱ्हेच्या फण्या बसतात. पातळ फणी कातडीला लागून चालते आणि सगळी लोकर मुळापासून घेते. जाड फणी अंगावर लोकरीचा एक थर ठेवते. नमुन्याला पातळ होती. ऑर्डरला कोणती लावू? आणि त्यापुढे: कातरल्यानंतर मेंढ्या रात्री छताखाली असतात का? तुमच्याकडे थंडीत पाऊस पडतो का?

मी संतोषला वाचून दाखवले.

“हिला काय करायचंय आपल्या मेंढरांच्या झोपायचं?” तो म्हणाला.

“फणी कोणती ते ठरवायला विचारत असतील.”

“लिहा, शेड हाय म्हणून.”

“शेड नाही.”

“सर, नाय ते मला म्हाईत हाय. मी त्याच रानात झोपून मोठा झालो. पण ती तिकडं बसून काय म्हणंल? ह्यांच्याकडं मेंढरावर छप्पर नाय, माणसांवर बी नसंल. मग आपलं मुख्य गोदाम आन् खरेदी विभाग कुठं गेला? आन् ती दुसरी फणी म्हागाची असणार. गरीब म्हणलं की पयलं म्हागाचं गळ्यात मारत्यात. होय म्हणून लिहा. पाऊस नाय म्हणून लिहा.”

थंडीत आपल्याकडे पाऊस नसतोच, म्हणजे नसायला हवा. मी लिहिले: आमच्या ग्राहकांकडे शेडची सोय आहे, हिवाळा कोरडा असतो. वाक्य नीट होते. पाठवले.

मिस शूंनी उत्तर दिले की छान, मग पातळ फणी योग्य. सोबत त्यांच्याकडच्या एका लांबलचक शेडचा व्हिडिओ होता. संतोषने तो दोनदा पाहिला.

पुढचा भाग पैशांचा. परदेशात रक्कम पाठवली की तेवढीच पोचते असे लोकांना वाटते. आपली बँक आणि त्यांची बँक एकमेकींना ओळखत नसतील तर मध्ये तिसरी बँक असते, आणि ती आपला खर्च वाटेतच कापून घेते. म्हणून पैसे पाठवताना हा खर्च कोणी सोसायचा ते सांगावे लागते. काउंटरवरच्या मॅडमनी तेच विचारले. सगळा खर्च तुमचा, की वाटून?

“निम्मा-निम्मा करा मॅडम,” संतोष म्हणाला. “लग्नं बी आम्ही निम्म्या-निम्म्या खर्चातच करतो.”

मॅडम हसल्या आणि तशी खूण केली. तिकडे रक्कम थोडी कमी पोचली. फरक इतका लहान होता की त्यात बँकेबाहेरच्या टपरीवर दोन दिवसांचा चहा झाला असता. पण त्यांच्या हिशेब विभागाला पूर्ण रक्कम दिसेपर्यंत माल गोदामातून हलत नव्हता. मिस शूंनी दिलगिरी कळवली. फरक पाठवायला पुन्हा तीच सगळी कागदपत्रे लागली. तोवर ऑक्टोबर उजाडला. त्या महिन्याच्या सुरुवातीला तिथले कारखाने राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीवर जातात. आमचे खोके बंद गोदामात राहिले आणि जहाज गेले.

कातरणी दिवाळीच्या आधी उरकायची असते. मग थंडी येईपर्यंत अंगावर थोडी लोकर येते. दसरा झाला तसे आक्काचे फोन सुरू झाले. संतोष फोन स्पीकरवर ठेवी, कारण एका हाताने खोके चिकटवत असे.

“संतू, दाजी कातर काढतो म्हणतोय.”

“थांब की आक्का. यंत्र निघालंय. समुद्रात हाय.”

“समुद्रात? मग भिजंल की रं.”

“खोक्यात हाय, आक्का.”

“बरं. थांबतो. तू म्हणतोस तर.”

दिवाळी झाली. माल बंदरात उतरला, सुटला, गारखेड्यात आला तेव्हा सकाळी स्वेटर घालावे लागत होते. दुसऱ्याच दिवशी संतोष पहिले यंत्र घेऊन निघाला. वेबसाइटसाठी व्हिडिओ घ्यायचा म्हणून मी बरोबर.

देवगाव रंगारीच्या अलीकडे एका काळ्या रानात कळप बसला होता. जीपचे बॉनेट उघडून तारा जोडल्या. संतोषने पहिले मेंढरू स्वतः धरले. यंत्राचा आवाज ऐकून कळप एका कडेला सरकला, मग सवयीचा झाला. लोकर एका पदरात सोलल्यासारखी निघत होती. दाजीने दुसऱ्या मेंढरापासून यंत्र हातात घेतले आणि सोडले नाही. आक्का लोकर गोळा करत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला पानावर लावताना मी ‘समाधान’ लिहिले असते.

दुपारी पाणी प्यायला थांबले तेव्हा दाजी कातरलेल्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होता. संतोष जीपपाशी होता.

“लई बोडकं करतंय हे,” दाजी हळू आवाजात आक्काला म्हणाला. “कातरीनं बोटभर तरी ऱ्हातं. हे कातडीच उघडी करतंय. थंडी हाय.”

“गप बसा,” आक्का म्हणाली. “एवढ्या लांबून आणलंय त्यानं. तोंड बघा त्याचं.”

दाजीने जीपकडे पाहिले आणि पुढचे मेंढरू ओढले. सूर्य मावळेपर्यंत सगळा कळप झाला.

हे बोलणे माझ्या व्हिडिओत आहे. कॅमेरा चालू होता. वेबसाइटवर टाकताना मी मूळ आवाज काढून त्यावर संगीत घातले.

त्याच आठवड्यात आभाळ आले. संध्याकाळपासून वारा आणि पाऊस, आणि तो रात्रभर थांबला नाही. शहरात त्याचे कुणाला फार वाटले नाही. सकाळी फोन आला. आक्काने संतोषला फक्त “ये” म्हटले.

कातरलेल्या मेंढ्यांना ओला वारा लागला की त्या एकमेकींत घुसतात. जाळीच्या एका कोपऱ्यात त्यांचा ढीग झाला होता. खालच्या चिखलात दबून गेल्या, वरच्या गारठून. गाभण होत्या त्या बहुतेक गेल्या. वाचलेल्यांच्या अंगावर आक्काने बिऱ्हाडातले असेल नसेल ते टाकले होते. गोधड्या, पोती, दाजीचे घोंगडे, स्वतःची लुगडी. रंगीत काठांची लुगडी पांघरून मेंढ्या चिखलात उभ्या होत्या. आक्का आणि दाजी दोघेही भिजलेल्या कपड्यांत होते, कारण कोरडे काही अंगावर घ्यायला उरले नव्हते.

संतोष जाळीपाशी उभा राहिला. आत गेला नाही. शेताचा मालक आला, त्याने काटक्या पेटवल्या आणि चहा ठेवला.

पंचनामा झाला. कारण लिहिले गेले: अवकाळी पाऊस व थंडी. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, अवकाळीने मेंढ्या दगावल्याच्या. मी त्या वाचल्या. त्या पानावर असतो तर मीही त्याच ओळी लावल्या असत्या. त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता.

संतोषने यंत्र वेबसाइटवरून काढले आणि ज्यांनी घेतले होते त्यांना एकेक फोन केला. नशिबाने फार लोकांनी अजून वापरले नव्हते. त्याच दिवसांत मिस शूंचा संदेश आला. यंत्रे कशी चालतात? शक्य असेल तर तुमच्या शेडमधल्या मेंढ्यांचा एक फोटो पाठवा, आमच्या माहितीपत्रकात छापू.

मी वाचून दाखवले.

“खरं लिहा,” संतोष म्हणाला. “सगळं.”

मी सगळे लिहिले. कुणाच्या मेंढ्या, त्या कुठे झोपतात, पाऊस कसा आला. उत्तर लगेच आले. मला फार वाईट वाटते, असे आधी होते. मग: तुम्ही तेव्हा सांगितले असते तर मी जाड फणी लावून दिली असती. दोन्हींची किंमत सारखीच आहे.

ते दुकान पुढे फार टिकले नाही. त्याची कारणे निराळी होती. मोठ्या कंपन्या तोच माल स्वस्तात देऊ लागल्या होत्या, आणि संतोषचे लक्ष उडाले होते. तो आता दुसऱ्यांचा माल घरोघरी पोचवणाऱ्या गाडीवर आहे. मी घरी असतो. लोकांची पत्रे दुरुस्त करून देतो.

त्याआधी, शेवटचे खोके विकून खोल्या सोडल्या त्या दिवशी, संतोष म्हणाला की आक्काला फण्यांचे ते सांगायचे राहिले आहे, तुम्ही चला. आम्ही गेलो तेव्हा उरलेला कळप कन्नडच्या रस्त्याला एका रानात बसणार होता. दाजी जाळीचे खांब ठोकत होता. आक्का चुलीसाठी दगड लावत होती. यंत्र बिऱ्हाडाच्या बोचक्यावर ठेवले होते, कापडात गुंडाळून, गाठ मारून.

संतोष तिच्यासमोर बसला. फण्या दोन असतात, जाड फणी चालली असती, असे त्याने सांगितले.

आक्का दगड हलवून बघत होती. “आपल्याला कोणती लागंल ते त्या बाईला तिकडं कसं कळणार?”

“तिनं इचारलं व्हतं, आक्का. मेंढरं रातच्याला कुठं झोपत्यात म्हणून.”

“आन् तू काय सांगितलंस?”

“शेड हाय म्हणलो.”

तिचा हात थांबला. “कुणाचं?”

“आपलं.”

आक्काने मान वर करून आजूबाजूला पाहिले. नांगरलेले रान होते, लांबवर एक बाभूळ होती. मग तिने शेवटचा दगड बसवला.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “परक्या बाईला कशाला सांगायचं, उघड्यावर पडतो म्हणून. मी बी तेच सांगितलं असतं.”

पलीकडे दाजीने खांबांना जाळी लावून घेतली. राहिलेल्या कळपाभोवती आता ती निम्मीच लागली. उरलेली निम्मी त्याने उलगडलीच नाही, गुंडाळी तशीच उचलून कडेला ठेवली.